एक सूत जास्त

माझी वहिनी कापायला उभी राहिली की मी हातातलं काम खाली ठेवते. सोळा वर्षं झाली, अजून ठेवते. सुपरवायझर ओरडतो, मी ऐकत नाही. नणंदेनं भावजयीचं एवढं कौतुक करावं हे लोकांना पचत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आमचा कारखाना गणवेशांचा. दवाखान्यातल्या नर्सेस, हॉटेलातले वाढपी, पहारेकरी, लिफ्टमन, सगळ्यांचे कपडे दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या लांबोळक्या खोलीत शिवले जातात. एका टोकाला तीस फुटी कटिंग टेबल, मध्ये शिलाई मशीनच्या चार रांगा, दुसऱ्या टोकाला तपासणीचं टेबल. तिथे मी. धागा सुटला, बटण हललं, शिवण वाकडी गेली की माल परत पाठवायचा हे माझं काम, म्हणून सगळे मला 'भिंग' म्हणतात. पाठीमागे आणखीही काहीबाही म्हणत असतील. वहिनीला मात्र सगळे 'मास्टर' म्हणतात, अगदी मालकीणबाईसुद्धा.

कापड एकावर एक अंथरायचं, साठ थर. बाजूंनी चिमटे लावायचे. वर कागदी खाका ठेवून खडूनं आखायचं. मग विजेची उभी सुरी घेऊन त्या आखणीवरून जायचं. सुरीचं पातं इतक्या वेगानं खालीवर होतं की ते जागेवर स्थिर आहे असंच वाटतं. डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा, कारण बोट गेलं तर ते मागाहून कळतं. काखेचं वळण आलं की भले भले कापणारे थांबतात, श्वास घेतात, सुरी जरा मागे घेतात. वहिनी थांबत नाही. ती सुरीच्या मागून चालत जाते आणि साठ काखा एकदम मोकळ्या होतात, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तंतोतंत सारखी. मी ताडून पाहिलंय. मला तेवढंच येतं.

तर अशी ही बाई. बाविसाव्या वर्षी आमच्या घरात आली तेव्हा मी अठराची होते आणि माझ्या नाकावर राग असायचा. अजूनही असतो. दादा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. चौदा मजल्यांच्या पोकळीत दोरावर लोंबकळणारा माणूस, पण घरात बायकोच्या शब्दाबाहेर नाही. त्यांना एक मुलगी, एक मुलगा. मुलगी परगावी शिकते, मुलगा बापाच्या हाताखाली. मी लग्न केलं नाही, वरच्या खोलीत राहते आणि खाली जेवते. वहिनीनंच मला कारखान्यात चिकटवलं. भांडण झालं की ती मला मुद्दाम 'वन्सं' म्हणते, मान देऊन चिडवायची तिची ही जुनी रीत.

सव्वा वर्षापूर्वी हे सगळं सुरू झालं. वहिनी सेहेचाळिसाव्यात होती. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की धो धो. कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी तिला रोज घ्यायची एक गोळी दिली. रक्तस्राव आटोक्यात येईल आणि या वयात दिवस राहण्याची भीतीही नको, एका दगडात दोन पक्षी, असं ते म्हणाले. रक्तस्राव खरंच कमी झाला. आम्ही म्हटलं, चला, सुटलो.

मग वहिनी गॅसचं बटण बघायला दारातून परत फिरू लागली. आधी एकदा, मग तीनदा. मुलीला दिवसातून चार फोन. लेक म्हणे, "आई, मी वर्गात आहे, जिवंत आहे, ठेव." दादा लिफ्टवर गेला की हिचं लक्ष घड्याळात. झोप पहाटे तीनला मोडायची ती मोडायचीच. हे मला पुढे कळलं, तेव्हा तिनं ताकास तूर लागू दिली नाही. कामावर चेहरा तोच, चाल तीच. फक्त आखून झालं की ती टेप पुन्हा लावायची. पुन्हा. आणि पुन्हा. सोळा वर्षांत तिनं एकच माप दोनदा घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलंसुद्धा, "काय गं, कापड रात्रीतून आटतंय की काय?" ती हसली. मला माझ्याच विनोदाचं कौतुक वाटलं. भिंग म्हणवणारी मी, आणि हे मला दिसलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या दवाखान्याचे नर्सेसचे तीनशे अंगरखे गेले आणि दहा दिवसांत सगळेच्या सगळे परत आले. सोबत चिठ्ठी: प्रत्येक अंगरखा सैल आहे, आमच्या नर्सेस उशांच्या अभ्र्यात शिरल्यासारख्या दिसतात.

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून म्हटलं, "मी एकेक तपासलाय, बाई." खोटं नव्हतं. पण कसा तपासला होता? आमच्याकडे पहिला कपडा शिवून झाला की तो 'पास' करून माझ्या टेबलाशी टांगतात आणि पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडतात. खाका काढून मापं बघायला वेळ कुणाला आहे? तीनशेच्या तीनशे अंगरखे पहिल्याशी तंतोतंत जुळत होते. पहिलाच मोठा होता. मी चुकीलाच चुकीचं माप लावून 'बरोबर, बरोबर' म्हणत बसले होते. 

वहिनीनं तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज अगदी कोरडा.

"मी एक सूत जास्त सोडत होते."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खडूच्या रेघेच्या आत नाही, रेघेवर नाही, एक सूत बाहेरून कापायचं. का, तर कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही, जास्त राहिलेलं मात्र नंतर कापता येतं. एक सूत सोडूनही छाती धडधडायची थांबेना, म्हणून दोन. या अंगरख्यांपर्यंत आली तोवर तीन. शिवणाऱ्या बायका कडेपासून ठरलेल्या अंतरावर टीप मारतात, त्यांना बाकीचं काय माहीत! दोन बाजूंच्या शिवणी, चार कडा, प्रत्येकी तीन सूत. छातीवर दीड इंच वाढला. भीतीनं वाढवलेला दीड इंच, आणि तोही किती एकसारखा! तीनशे अंगरख्यांत केसाचाही फरक नाही. एवढी घाबरलेली बाई एवढं सरळ कापत होती. मला राग यायला हवा होता. आला नाही, मी नुसती थक्क झाले.

मालकीणबाई वाईट नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही. "मास्टर, महिनाभर धागे कापायला बसा. आराम पडेल. महिन्यानं बघू. नाहीतर मला बाहेरचा कापणारा आणावा लागेल, आणि तो आला की आला." म्हणजे महिन्यात हात ताळ्यावर आला नाही, तर सोळा वर्षांची सुरी गेली.

मला वाटलं होतं वहिनी रडेल. तिनं जाळीचा मोजा काढून खुंटीला लावला आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. त्या सुटकेनंच माझं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी तिला गच्चीवर ओढत नेलं. तिथे धुतलेल्या कापडाचे ताकेच्या ताके वाळत असतात, त्यांच्या आडोशाला आम्ही डबा खातो. मी म्हटलं, "आता बोल. नाहीतर मी तुझ्या नवऱ्याला सांगते, तो तुला लिफ्टमध्ये कोंडेल."

तिनं डबा उघडलाच नाही.

"मला वेड लागतंय," ती म्हणाली. "आईसारखं."

वहिनीची आई मी लग्नात पाहिली होती, कोपऱ्यात बसलेली गप्प बाई. पुढे ती मुलाकडे राहायला गेली आणि आमचं जाणं-येणं कमी झालं. ती उत्तम शिवायची एवढंच मला माहीत होतं. बाकीचं वहिनीनं चोवीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. आई पंचेचाळीसची असताना अशीच सुरुवात झाली. रात्र रात्र जागी, दारं तपासायची, छातीवर हात दाबून म्हणायची, काहीतरी होणार, काहीतरी होणार. एकदा कात्री हातात घेऊन तशीच अर्धा तास उभी राहिली. तिला फक्त कापायची भीती वाटत होती. लोकांना वाटलं, ती कुणाला तरी मारणार. मामांनी मशीन विकलं. घरातल्या कात्र्या, सुऱ्या कुलपात गेल्या. 'वेडी' हा शब्द आला तो घरातच राहिला. चारपाच वर्षांनी आई आपोआप शांत झाली, पण तोवर तिला कुणी काही विचारायचंच थांबलं होतं.

"परवा सुरी हातात होती," वहिनी म्हणाली, "आणि माझे पाय हलेनात. मला कळलं, माझी वेळ आली. बरं झालं, बाईंनी काढून घेतली."

 माझं तोंड असं की ते कशानंही थांबत नाही. "वेड लागलेल्या माणसाला आपल्याला वेड लागतंय हे कळत नसतं," मी ठोकून दिलं. हे खरं आहे की नाही, देव जाणे. "उद्या डॉक्टरकडे. आणि त्या गोळीवाल्याकडे नाही."

सरकारी दवाखान्यात एक बाई डॉक्टर बसतात, पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. बाहेर दोन तास बाकावर बसलो. आत त्यांनी आधी रक्तदाब पाहिला, छाती ऐकली, वजन केलं. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, थायरॉइड आहे का, अंगात रक्त कमी आहे का. सोनोग्राफी सांगितली. आणि मग, ही गोष्ट मी विसरणार नाही, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "असं आधी कधी झालं होतं?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"बाळंतपणानंतर? गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या होत्या कधी?"

वहिनीनं मांडीवरची पिशवी सावरली. आणि मला एकदम डोक्यात कुणी दिवा लावावा तसं झालं. "घेतल्या होत्या!" मी म्हणाले. मुलगी चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. वहिनी आठेक महिने नुसती रडत होती. बाळ झोपलं तर श्वास चालू आहे ना म्हणून त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. मी एकोणीस वर्षांची, अक्कल कमी आणि जीभ लांब. मी घरभर सांगत फिरायचे, हिचे नखरे बघा. ते शब्द मला त्या खोलीत जसेच्या तसे आठवले आणि माझे कान तापले.

"मग थांबलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनी खाली बघत म्हणाली, "मी गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. दोन महिन्यांत बरी झाले."

"आणि?"

"आणि धाकटा झाला."

डॉक्टर हसल्या. मीही हसले. एकवीस वर्षांनी मला माझ्या भाच्याच्या जन्माचं कारण कळत होतं.

त्यांनी सध्याच्या गोळीची स्ट्रिप मागितली. पिशवीतून निघाली. उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "ही तेव्हाच्या गोळीच्याच कुळातली आहे."

मग त्या बाईंनी जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. पाळी जाण्याआधी काही वर्षं अशी असतात की शरीरातली हार्मोन्स हळूहळू पायरीपायरीनं उतरत नाहीत, ती वाट्टेल तशी वरखाली होतात. पुष्कळ बायकांना त्याचं काही वाटत नाही. काहींचा मेंदू मात्र या वरखालीला फार हळवा असतो. त्यांची झोप उडते, छाती धडधडते, कारण नसताना भीती येऊन बसते. ज्यांना बाळंतपणात किंवा गोळ्यांवर असताना त्रास झाला, त्यांना या वयातही होण्याची शक्यता जास्त. "गोळी वाईट नाही हं," त्यांनी बजावलं. "माझ्याकडच्या कितीतरी बायकांना ती छान मानवते, काहींची चिडचिड उलट कमी होते. तुम्हाला ती मानवत नसावी. एक तर वय आणि त्यात ही. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना."

"किती असतं हो हे हार्मोन अंगात?" मी विचारलं. मला मापं लागतात.

त्यांनी जरा हिशेब केला. "ज्याच्या वरखालीनं हा त्रास होतो, ते एक मुख्य हार्मोन घ्या. साखरेच्या एका दाण्याचे हजार तुकडे केलेत, तर त्यातला एखादा तुकडा. एका वेळी सगळ्या रक्तात मिळून साधारण तेवढंच."

मी त्या टेबलाकडे बघत बसले. आमच्या धंद्यात सूत हे सगळ्यात लहान माप. त्याच्या खाली आम्ही जात नाही, डोळ्याला दिसत नाही. आणि इथे साखरेच्या दाण्याचा हजारावा भाग सोळा वर्षांचा कसलेला हात थांबवू शकतो, बाळाच्या नाकाशी बोट धरून बसवू शकतो. तोच नीट असला की तीच बाई साठ थरांतून सुरी अशी काढते की वरचा आणि खालचा थर सारखा. एवढ्याशावर माणूस तोललेलं असतं! मला भीती वाटली नाही. बाजारातल्या धान्यासारख्या किलोंनी तोलायच्या या देहात कुणीतरी इतकं बारीक काम करून ठेवलंय, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. आणि वहिनी वेडी नव्हती. ते मला सगळ्यात आधी ऐकू आलं होतं.

तिला मात्र नाही. डॉक्टर म्हणाल्या, ही गोळी थांबवू, रक्तस्रावासाठी फक्त त्या दिवसांत घ्यायचं वेगळं औषध देते, त्यात हार्मोन नाही. रिपोर्ट ठीक आले तर दंडावर किंवा पोटावर लावायची हार्मोनची चिकटपट्टी आणि जोडीला झोपताना एक कॅप्सूल, शरीर स्वतः बनवतं तसल्याच प्रकारची. वहिनी ताडकन उठली. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, ही तर ताकाकडे पाहायलाही तयार नव्हती.

"हार्मोन नको. दोनदा झालं. तिसऱ्यांदा नाही."

"मी खात्री देत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "मानवलं तर उत्तम, नाहीतर थांबवू. दुसरे मार्गही आहेत. समुपदेशन आहे, चिंतेची वेगळी औषधं आहेत. जबरदस्ती कसलीच नाही."

वहिनी दाराच्या कडीला हात लावून उभी होती.  मग ती वळली आणि तिनं मास्टरसारखा प्रश्न विचारला.

"सँपल काढता येईल?"

डॉक्टरांना कळलं नाही. मी समजावलं. आमच्याकडे नवं कापड आलं की आधी एकच कपडा कापून शिवून बघतात. आटतं का, ताणतं का, रंग जातो का. सगळं बघून मगच थर अंथरायचे. डॉक्टर म्हणाल्या, "अगदी तेच. तीन महिन्यांचं सँपल. रोज दोन ओळी लिहायच्या, झोप किती, भीती किती, आणि मला दाखवायच्या. बिघडलं तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच यायचं."

वहिनी परत येऊन खुर्चीवर बसली.

एक भानगड उरली होती. गोळी बंद, मग दिवस राहण्याचं काय? "चिकटपट्टी त्यासाठी नसते," डॉक्टर म्हणाल्या, "आणि या वयात राहत नाहीत असं समजू नका. यजमानांचं ऑपरेशन पंधरा मिनिटांचं असतं." हे घरी दादाला सांगितलं तेव्हा चौदा मजल्यांवर लोंबकळणारा तो मर्द गडी भिंत धरून खाली बसला. पण हार्मोनचं सगळं ऐकून तो आपणहून म्हणाला, "म्हणजे मोटर चांगली आहे, केबिन चांगली आहे, फक्त लिफ्ट मजल्यावर नीट थांबत नाही. त्याला कुणी लिफ्ट मोडीत काढत नाही." आणि पुढच्या आठवड्यात जाऊन ऑपरेशन करून आला. नंतर दोन दिवस असा चालत होता की जणू बाळंतपण त्याचंच झालंय. मी त्याला काही बोलले नाही. माझ्या परीनं तो सत्कारच होता.

रिपोर्ट ठीक आले, रक्त तेवढं थोडं कमी. महिना संपत आला तेव्हा मी मालकीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, तीनशे अंगरख्यांत निम्मी चूक माझी आहे, मी खाक्याशी ताडायला हवं होतं, पहिल्या कपड्याशी नाही. मला शिक्षा करा आणि वहिनीला दोन महिने वाढवून द्या. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग दार लोटलं, आणि म्हणाल्या, "मी पन्नासची असताना या खुर्चीत बसून रडायचे, ऑर्डरी वाढत होत्या तरी. कुणाला सांगणार?" दोन महिने मिळाले. त्या दिवसापासून पहिला कपडा टांगायची रीतही बंद झाली, आता मी खाका घेऊनच बसते. सगळ्यांना त्रास होतो. होऊ दे.

चमत्कार काही झाला नाही. पहिल्या आठवड्यात वहिनी उलट जास्त रडली. तिसऱ्या आठवड्यात एकदा सहा तास सलग झोपली आणि सकाळी मला उठवायला वर आली, "अगं, मी झोपले होते!" जणू मोठा पराक्रम केला होता. होताच. वहीत रोजच्या दोन ओळी. मध्ये चार दिवस पुन्हा गॅसचं बटण. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिनं लिहिलं, 'भीती आहे, पण ती शेजारच्या खोलीत आहे.' यातलं गोळी थांबवल्यानं किती झालं, पट्टीनं किती आणि झोपेनं किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यांनी तसं सरळ सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आणि एका सकाळी वहिनी धाग्यांच्या टेबलावरून उठली, खुंटीवरचा मोजा घातला आणि म्हणाली, "एक थर अंथरा." एक कापला. मी खाक्याशी ताडला, रेघेवर रेघ. मग दहा. मी ताडले. मग तिनं साठ मागितले. एकेक मशीन थांबत गेलं, सुपरवायझरसुद्धा ओरडायचा राहिला. काखेचं वळण आलं. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा त्या वळणावर थांबली, एक श्वास घेतला आणि मग गेली. साठ काखा मोकळ्या झाल्या. पूर्वी ती न घाबरता कापायची, ते मोठं होतंच. पण आता भीती बरोबर घेऊन कापत होती, आणि रेघ तीच! मला रडू आलं. मी खोकल्याचं निमित्त केलं.

त्याच रविवारी ती म्हणाली, "आईकडे जाऊन येऊ."

तिच्या भावाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर दोन खोल्या. आई पंचाहत्तरीच्या, खिडकीपाशी खाटेवर पाय वर घेऊन बसलेल्या, हातात घड्या घालायचे कपडे. भाऊ बाहेर गेला होता. त्याच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं आणि सासूबाईंसाठी एका बशीत सोलून कापलेलं सफरचंद आणून ठेवलं, लहान मुलाला देतात तसं.

वहिनी खाली जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पाळी, गोळी, अंगरखे, डॉक्टर. शेवटी म्हणाली, "आई, मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा तपासलं नाही म्हणून नक्की सांगता येणार नाही. पण ऐकून त्यांना वाटतं, तुझंही हेच असावं. तू वेडी नव्हतीस."

आईच्या हातातली घडी चालूच राहिली. बाही आत, दुसरी बाही आत, मधोमध दुमड. माझ्यापेक्षा सरळ घडी. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुझी सुरी काढून घेतली होती?"

"हो. तीन महिने."

"मग?"

"परत दिली."

आईनं घडी बाजूला ठेवली. वहिनीचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटे केले, सुलटे केले, बोटं एकेक मोजल्यासारखी दाबून पाहिली.

"परत दिली," त्या म्हणाल्या. "मला नाही गं दिली कुणी."

त्यांच्या सुनेनं मान खाली घातली. बिचारीचा काय दोष, ती या घरात आली तेव्हा सुऱ्यांना कुलूप आधीच लागलेलं होतं, आणि कुलूप का, हे नव्या सुनेनं विचारायचं नसतं. वहिनी उठली, आत गेली, सुऱ्यांच्या कपाटाची किल्ली फिरल्याचा, कडीकोयंड्याचा आवाज आला. परत आली ती एक अख्खं सफरचंद आणि सुरी घेऊन. तिनं दोन्ही आईच्या हातात ठेवलं. सून एक पाऊल पुढे सरकली आणि थांबली.

म्हातारीनं पात्यावरून अंगठा फिरवला, धार पाहिली, नाक मुरडलं. मग देठापासून सुरू केलं. तीस वर्षं सुरी न धरलेला तो हात, पण साल तुटली नाही. अरुंद, पातळ, एकसारख्या रुंदीची, गोल गोल खाली उतरत मांडीवर येऊन पडली. मी तोंडावर हात धरून उभी होते. तीस वर्षं सगळ्यांनी तिला वेडी समजलं, तिलाही तसंच वाटत आलं असेल, आणि त्या सगळ्याच्या तळाशी हा हात शाबूत होता.

त्यांनी चार फोडी केल्या, चारही सारख्या. पहिली सुनेला दिली.